सल्ला हवा: आठ महिने गाडी उभी ठेवायची आहे, तयारी कशी करावी?

मुशाफिर

नमस्कार. कामानिमित्त मला आठ महिने बाहेर राहावे लागणार आहे आणि तेवढा काळ माझी गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये उभी राहील. गाडी पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची आणि सहा वर्षे जुनी आहे. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बॅटरी दीड वर्षापूर्वी बदलली आहे. गॅरेजमध्ये विजेची सोय आहे.

पूर्वी एकदा मी ही गाडी कोणतीही तयारी न करता तीन महिने उभी ठेवली होती. परतलो तेव्हा बॅटरी पूर्ण बसली होती, आणि मागचे एक चाक ड्रमला असे धरले होते की गाडी पुढे घेताना ते फिरायच्या ऐवजी जमिनीवरून घासत गेले. ती चूक पुन्हा करायची नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो की तो दर रविवारी येऊन दहा मिनिटे इंजिन चालू ठेवील. तेवढे पुरेसे आहे का, की आणखी काही करायला हवे? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

जुना मेकॅनिक

आपल्या भावाची तयारी मनापासूनची आहे, यात शंका नाही. परंतु दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू करण्याने गाडीचे हित होण्याऐवजी अहित होते, हे मी अनेक गाड्या उघडून पाहिल्यावर सांगतो आहे. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापलेले असतील तर ही वाफ बाहेर निघून जाते. पण दहा मिनिटे जागच्या जागी चाललेले इंजिन तेवढे तापत नाही, त्यामुळे वाफेचा काही भाग सायलेन्सरमध्ये थंड होऊन पाणी म्हणून साचतो आणि काही भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो. अशा गाडीचे ऑइल भरायचे झाकण उघडून आतली बाजू पाहिली, तर तिथे फिकट पिवळसर, दुधाळ, बोटाला चिकटणारा थर दिसतो. तो ऑइल आणि पाण्याचा फेस असतो, आणि असे ऑइल बेअरिंगचे रक्षण नीट करू शकत नाही.

शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जी वीज जाते ती दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये पुरेशी भरून येतेच असे नाही, त्यामुळे बॅटरी दर रविवारी थोडी थोडी खाली येत राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. ही गोष्ट भावाला कृपया आजच सांगावी.

माझे स्पष्ट मत असे आहे की भावाला गाडी चालवता येत असेल आणि विमा तशी परवानगी देत असेल, तर त्याने तीन-चार आठवड्यांतून एकदा ती बाहेर काढून अर्धा-पाऊण तास, वीस-पंचवीस किलोमीटर, एसी लावून नीट चालवावी. ते शक्य नसेल तर इंजिनला हातच लावू नये आणि गाडी व्यवस्थित तयारी करून शांत उभी ठेवावी. या दोहोंच्या मधला मार्ग टाळावा.

मुशाफिर

धन्यवाद. भावाकडे परवाना नाही, त्यामुळे गाडी उभीच राहील. तो महिन्यातून एकदा येऊन बघून जाऊ शकेल. बॅटरीचे काय करावे? निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवले तर पुरेल का?

सावकाश

बॅटरीविषयी मी लिहितो, कारण या एका बाबतीत मी दोनदा नुकसान सोसले आहे.

गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, लॉकचा रिसीव्हर आणि संगणकाची मेमरी थोडी थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह 30 मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला सुमारे 0.7 अँपिअर-अवर खर्च होतात, म्हणजे 45 अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात निम्मी आणि दोन महिन्यांत रिकामी होते. लेड-ॲसिड बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात, आणि नंतर कितीही चार्ज केली तरी तिची मूळ क्षमता परत येत नाही. आपली बॅटरी मागच्या वेळी बसली ती याच वाटेने.

टर्मिनल काढल्याने हा खर्च थांबतो, मात्र बॅटरी स्वतःहूनही हळूहळू उतरत असते आणि उष्ण हवेत हा वेग वाढतो. आठ महिन्यांसाठी म्हणून नुसते टर्मिनल काढणे मला अपुरे वाटते. गॅरेजमध्ये वीज आहे, तर फ्लोट चार्जर घ्यावा, म्हणजे बॅटरी भरल्यावर आपोआप 13.2 ते 13.6 व्होल्टवर येऊन थांबणारा चार्जर. जुन्या पद्धतीचा, सतत जोरात चार्ज करत राहणारा चार्जर महिनोन्महिने लावून ठेवू नये. त्याने बॅटरीतले पाणी उडते आणि बॅटरी तापते. चार्जर कायम लावायचा नसेल तर बॅटरी काढून कोरड्या, थंड जागी ठेवावी आणि भावाने दर महिन्याला मल्टिमीटरने व्होल्टेज बघावे. काही तास स्थिर राहिलेली बॅटरी 12.6 च्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.4 च्या खाली आली की चार्ज करावी.

टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. आधी पॉझिटिव्हला हात घातला आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. बॅटरी सोडवण्यापूर्वी स्टिरिओला कोड लागतो का, हे पाहून तो लिहून ठेवावा, आणि बॅटरी नसताना रिमोट चालत नाही म्हणून दरवाजा साध्या किल्लीने उघडतो याची खात्री करून घ्यावी. ज्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि डिकी फक्त विजेवर उघडते, तिथे डिकीचे दार लावून टाकले की मोठी अडचण होते.

जुना मेकॅनिक

सावकाश यांनी बॅटरीचे सर्व काही सांगितले आहे. मी ऑइल आणि इंधन यांकडे वळतो.

पुष्कळ लोक परतल्यावर ऑइल बदलतात, पण ते गाडी उभी करण्याआधी बदलायला हवे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल, ओलावा आणि जळणाची घाण असते, आणि तीच आठ महिने इंजिनच्या आतल्या धातूला लागून राहते. नवे ऑइल टाकल्यावर गाडी थोडी चालवावी, म्हणजे ते सर्वत्र पोहोचते. कूलंटऐवजी साधे पाणी भरलेले असेल तर तेही काढून योग्य प्रमाणातले कूलंट भरावे. साध्या पाण्याने आतून गंज धरतो आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठून ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

पेट्रोल काही महिन्यांनी शिळे होते. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट राळ तयार होते आणि ती इंजेक्टरमध्ये बसते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. पंप नेमका तिथूनच ओढतो. म्हणून निघण्यापूर्वी ताजे पेट्रोल टाकी जवळजवळ भरेल इतके घ्यावे, म्हणजे वर हवेला जागा कमी राहते. त्याच वेळी बाटलीवर दिलेल्या प्रमाणात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे रसायन, घालून गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवावी. टाकीत ओतून लगेच गाडी बंद केली तर इंजेक्टर आणि पाइपमध्ये जुनेच पेट्रोल राहते. स्टॅबिलायझर शिळ्या पेट्रोलला पुन्हा ताजे करत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

चाकोरी

आपल्या चिकटलेल्या चाकाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. हँडब्रेक ओढून ठेवला की ब्रेक शूचे लायनर ड्रमला घट्ट टेकलेले राहतात. मधल्या फटीत ओलावा शिरतो, ड्रमला गंज चढतो आणि तो गंज लायनरला जणू डिंकासारखा धरून ठेवतो. यासाठी गाडी सपाट जागी उभी करून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक पूर्ण खाली सोडावा. गाडी धुतली असेल तर उभी करण्यापूर्वी थोडी चालवून ब्रेक दोन-चार वेळा दाबावेत, म्हणजे ते तापून कोरडे होतात. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या काही गाड्यांत तो इंजिन बंद करताच आपोआप लागतो. तो कसा सोडायचा हे पुस्तिकेत पाहावे.

टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच ते दहा पीएसआय हवा जास्त भरावी, मात्र टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. हवा दर महिन्याला थोडी कमी होतच असते आणि कमी हवेचा टायर एकाच जागी दबून सपाट पडतो. भावाने महिन्यातून एकदा हवा तपासावी आणि गाडी हाताने ढकलून पाव चाक पुढे किंवा मागे घ्यावी.

सावकाश

गाडी स्टँडवर उचलून ठेवावी असे काही जण सुचवतात. टायरच्या दृष्टीने ते चांगले असले तरी आठ महिन्यांसाठी मी तसे करणार नाही, कारण स्टँड चुकीच्या जागी लागला तर धोका मोठा आहे आणि सस्पेन्शन तेवढा काळ लोंबकळत राहते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहणार असती तर मी वेगळा विचार केला असता.

मुशाफिर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंदरांचा त्रास आमच्या गॅरेजमध्ये आहे. त्यासाठी काय करावे? आणि कव्हर कोणते घालावे?

जुना मेकॅनिक

उंदीर बहुधा एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात आणि वायरी कुरतडतात. गाडीत अन्नाचा कणही राहू देऊ नये. सीटखाली आणि डिकीत व्हॅक्यूम फिरवावा. हवा आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूलचे बोळे भरावेत. गाडीभोवती सापळे ठेवावेत. विष ठेवू नये, कारण उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मेला तर तो वास काढणे फार कठीण जाते. भावाने दर महिन्याला बॉनेट उघडून लेंड्या किंवा कापसाचे तुकडे दिसतात का, एवढे पाहावे.

कव्हर कापडी आणि हवा खेळती ठेवणारे असावे. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली ओलावा कोंडतो. त्याआधी गाडी धुऊन, पूर्ण वाळवून वॅक्स करावी. पक्ष्यांची विष्ठा रंगावर राहिली तर आठ महिन्यांत तिथे कायमचा डाग पडतो.

परतल्यावर घाईने सेल्फ मारू नये. आधी गाडीखाली ठिबकलेले डाग पाहावेत, ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइडची पातळी बघावी, टायरची हवा नेहमीच्या आकड्यावर आणावी आणि ब्रेक पेडल दाबून ते घट्ट लागते का याची खात्री करावी. नंतर गॅरेजचे दार पूर्ण उघडून इंजिन चालू करावे. डिस्कवर आलेला वरवरचा गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये घासून जातो, तेवढा खरखर आवाज अपेक्षित आहे; पण पहिले दोन-तीन किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर हळू जावे.

चाकोरी

स्टील वूलचे बोळे कुठे कुठे भरले, हँडब्रेक सोडलेला आहे आणि टायरमध्ये हवा जास्त आहे, हे सर्व एका कागदावर ठळक लिहून तो स्टिअरिंगला बांधून ठेवावा. आठ महिन्यांनी हे आठवत नाही, आणि बंद सायलेन्सरवर इंजिन चालू करण्याचा प्रयत्न माझ्या डोळ्यांदेखत झालेला आहे.

मुशाफिर

कागद आजच लिहून ठेवतो. भावालाही त्याची एक प्रत देतो आणि चार्जरचा दिवा कसा ओळखायचा ते निघण्यापूर्वी त्याला गॅरेजमध्ये नेऊन दाखवतो.