700 कॅरेक्टर्समध्ये 2 वर्षांची लॅब

लेक सध्या एमकॅसचा, म्हणजे मेडिकल प्रवेशाचा सामाईक अर्ज भरतेय. अमेरिकेतल्या बहुतेक एमडी (तिकडची डॉक्टरकीची पहिली पदवी) कॉलेजांसाठी हाच. ॲक्टिव्हिटीजच्या जास्तीत जास्त 15 नोंदी, प्रत्येकीला 700 कॅरेक्टर्स, तेही स्पेस धरून. त्यातल्या 3 'मोस्ट मीनिंगफुल' ठरवायच्या, त्यांना आणखी 1325. लॅबमध्ये 2 वर्षं राबलेली पोरगी गेले 3 दिवस रिकाम्या चौकटीकडे बघत बसलीये. ज्यांनी हे भरलंय त्यांनी आपापलं सांगा. सल्ले नकोत, काय घडलं ते हवंय.

*

ताई, माझा पहिला ड्राफ्ट म्हणजे पीआयच्या, म्हणजे लॅबप्रमुखांच्या, पेपरचा सारांशच होता. प्रोटीनच्या नावानेच निम्मी ओळ खाल्ली होती. दादाने वाचून विचारलं, "यात तू कुठेयस?" मग सगळं पुसलं आणि वेस्टर्न ब्लॉटचं (नमुन्यातलं प्रोटीन पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणारी चाचणी) लिहिलं. 6 आठवडे बँडच्या जागी नुसता काळा धूर यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो, शेवटी अँटिबॉडीचं डायल्यूशन चुकलेलं निघालं. चूक माझीच, गणितातली. इंटरव्ह्यूत पेपरचं नावही निघालं नाही, या धुरावर मात्र 10 मिनिटं गेली.

*

तासांचा घोळ माझा. अंदाजाने 1500 ठोकले होते. मग जुनं कॅलेंडर उघडलं: सेमिस्टरला आठवड्याचे 10 तास, 15 आठवडे, अशा 4 सेमिस्टर म्हणजे 600. एका समरचे 10 आठवडे, आठवड्याला 5 दिवस रोज 8 तास, ते 400. झाले 1000! संपर्क म्हणून पीआयचंच नाव द्यायचं होतं, त्यामुळे 1000च लिहिले. पुढे करणार असलेले तास वेगळे दाखवता येतात, ते त्यात मिसळू नका.

*

नुसता सबमिट झालेला, अजून स्वीकारला न गेलेला पेपर मी पब्लिकेशन्समध्ये टाकला होता. पीआयने वेळेवर पाहिलं म्हणून वाचले, कारण अर्ज एकदा गेला की नोंदीतलं काही बदलता येत नाही. मग रिसर्चच्या नोंदीतच शेवटी लिहिलं, 'हस्तलिखित रिव्ह्यूमध्ये, मी तिसरी लेखिका'. पोस्टर मात्र वेगळं दाखवलं, ते खरंच झालं होतं.

*

मी पिपेट हातातही धरलेलं नाही. रुग्णांच्या फाइली वाचून रेडकॅप नावाच्या संशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरायची, एवढंच काम. लाज वाटायची, म्हणून नोंदीत 'डेटा ॲनालिसिस' असं भारदस्त लिहिलं होतं. पण भरता भरता लक्षात आलं होतं की फॉलोअपला न आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा फोन नंबरच फाइलीत नव्हता. मीटिंगमध्ये घाबरत घाबरत ते बोलले, आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडायचं ठरलं. भारदस्त शब्द काढून हेच लिहिलं.

*

एमडी-पीएचडीवाल्यांचं दुखणं उलटं. दोन जादा निबंध, त्यातला संशोधनाचा 10,000 कॅरेक्टर्सपर्यंत. तिथे पाणी घालायचा मोह होतो. मी घातलं, आणि वाचताना मलाच झोप आली.

*

माझ्या दीड वर्षातून काहीच निघालं नाही. फळमाश्यांचे डोळे मोजले, निकाल शून्य, लॅब सोडली. नोंद साधी ठेवली, मोस्ट मीनिंगफुलमध्ये हॉस्पिसचं, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवेचं, काम घेतलं. इंटरव्ह्यूत विचारलंच, "लॅब का सोडलीस?" म्हटलं, "माश्यांपेक्षा माणसांशी बोलायला जास्त आवडतं हे कळायला मला दीड वर्ष लागलं." बाई हसल्या आणि हॉस्पिसचं विचारू लागल्या.