तिरफळाने जीभ झिणझिणते, त्यात पोटॅशियम चॅनलचा काय संबंध?

व्हायवाग्रस्त
लोकहो एक शंका. सर लेक्चरमध्ये जाता जाता बोलून गेले की बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ दाताखाली आलं की जी झिणझिण होते ती पोटॅशियम चॅनल (पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची वाट) बंद पडल्यामुळे. मला हे उलटंच वाटतंय. चॅनल बंद म्हणजे करंट बंद, मग नर्व्ह गप्प बसायला हवी ना, ती उलट चेकाळते कशी? आम्हाला पोटॅशियम फक्त स्पाइक (नर्व्हमधला विजेचा झटका) खाली आणायला येतो एवढंच शिकवलंय. परवा व्हायवा आहे 😭

खारेवारे
स्पाइक नसतानाही पोटॅशियम काम करतच असतो रे. पेशीच्या आत तो साधारण १४० मिलिमोल, बाहेर ४-५, त्यामुळे वाट मिळाली की बाहेर पळतो आणि जाताना पॉझिटिव्ह चार्ज घेऊन जातो म्हणून आतली बाजू निगेटिव्ह राहते. ही वाट म्हणजे लीक चॅनल, टू-पोअर फॅमिलीतले, ट्रेक, टास्क, ट्रेस्क वगैरे, ते स्पाइकची वाट बघत बसत नाहीत, एरवीही उघडेच असतात. ते बंद केलेस की व्होल्टेज थ्रेशोल्डकडे (जिथे स्पाइक सुटतो त्या पातळीकडे) सरकतं हे सगळेच सांगतात, पण त्याबरोबर मेम्ब्रेनचा (पेशीच्या पडद्याचा) रेझिस्टन्सही वाढतो, म्हणजे तेवढाच करंट आत आला तरी व्होल्टेज जास्त हलतं, साधा ओहमचा नियम. बुडाला भोक असलेली बादली बारीक धारेने भरत नाही, भोक बुजवलं की त्याच धारेने भरून वाहते. व्हायवात रेझिस्टन्सचा मुद्दा नक्की काढ, एक्झामिनर खूश होतात.

कोकणकडा
सरांनी सांगितलं ते बहुतेक सिचुआन मिरीवरच्या कामातून आलंय, तिरफळ तिच्याच कुळातलं, दोन्ही झँथोझायलम. तिच्यातला सान्शूल नावाचा पदार्थ टास्क-१, टास्क-३ आणि ट्रेस्क हे तिन्ही लीक चॅनल अडवतो असं डायना बाउटिस्टा, डेव्हिड ज्युलिअस वगैरे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं (ज्युलिअस म्हणजे २०२१ चे नोबेलवाले). पुढे २०१३ मध्ये लंडनला लोकांच्या ओठाला ही मिरी लावून ती झिणझिण बोटावरच्या व्हायब्रेशनशी जुळवायला सांगितली तर ती साधारण ५० हर्ट्झला जुळली, म्हणजे स्पर्शाच्या फायबरचा इलाका. म्हणून तिरफळ मिरचीसारखं जाळत नाही, गुरगुरतं.

शंकेखोर
पण सान्शूल ट्रिप चॅनल (तिखट, जळजळ ओळखणारे) उघडतो असंही वाचलंय, मिरचीचा टीआरपीव्ही१ आणि मोहरीचा टीआरपीए१. सगळं बिल पोटॅशियमवर फाडायची घाई नको.

कोकणकडा
उघडतो, मान्य, पण बाउटिस्टांच्याच कामात ते चॅनल नसलेल्या उंदरांचे न्यूरॉनही (नर्व्ह पेशी) सान्शूलला उत्तर देत होते. म्हणून मी पोटॅशियमच्या बाजूने.

दातांची_डॉक्टर
मग माझा उलटा प्रश्न, सेन्सिटिव्ह दातांच्या पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं. बाहेर पोटॅशियम वाढला तर तो आतून बाहेर पळायचा कमी होणार, म्हणजे परिणाम चॅनल बंद केल्यासारखाच, नर्व्ह आणखी पेटायला हवी. पण ती पेस्ट तर कळ थांबवायला देतो आम्ही 🙂

खारेवारे
भारी प्रश्न ताई. थोडंसं डिपोलराइझ झालं (आतली बाजू कमी निगेटिव्ह झाली) तर न्यूरॉन चिडतो, पण पोटॅशियम बराच वाढून तसाच टिकला तर स्पाइक सुरू करणारे सोडियम चॅनल इनॅक्टिव्हेट होऊन अडकून बसतात, रीसेटच होत नाहीत, मग स्पाइक निघणार कुठून. पेस्टमागची थिअरी तरी हीच, म्हणून ती एकदा घासून उपयोग नाही, काही आठवडे रोज लागते.

व्हायवाग्रस्त
आत्ता डोक्यात शिरलं!! मग हे चॅनल उलट उघडून दुखणं कमी करता येईल का?

खारेवारे
कल्पना तीच आहे. नर्व्हला इजा झाली की सेन्सरी न्यूरॉनमधले बरेच पोटॅशियम चॅनल कमी होतात आणि मग कुणी हात न लावताही तो फायर करत सुटतो. केव्ही७ नावाचे पोटॅशियम चॅनल उघडणारं रेटिगाबिन फिटसाठी बाजारात आलं होतं, दुखण्यावरही ट्राय झालं, पण लोकांची नखं, ओठ निळे पडायला लागले, रेटिनातही रंग साचला, २०१७ मध्ये कंपनीने गुंडाळलं. केव्ही७ मेंदूतही ढीगभर आहेत त्यामुळे गुंगी, चक्कर हेही सोबत येतं. फक्त बाहेरच्या नर्व्हवर चालेल असं औषध हवंय, अडलंय ते तिथेच.