मदत हवी आहे: हॉटस्पॉटसाठी पप्पांचा फोन रूट करावा का? आधी बॅकअप कसा घ्यायचा?

मळ्यातली

नमस्कार. धागा थोडा लांबेल, पण अर्धवट माहिती दिली की तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

आम्ही दिंडोरी रस्त्याच्या आत मळ्यात राहतो. गावठाणात फायबर आलंय. मळ्यापर्यंत केबल आणायची तर मधल्या खांबांचा खर्च आमच्या गळ्यात, आणि द्राक्षाचे पैसे हातात येईस्तोवर ते जमणार नाही. माझं काम घरून, लॅपटॉपवर. माझ्या सिमला घरात जेमतेम एक कांडी रेंज येते, पण पप्पांच्या सिमला माडीवर फोर जी छान मिळतं. म्हणून त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट लावून काम करायचं ठरवलं. फोन रेडमी नोट, अँड्रॉइड ११.

अडचण अशी की फोनवर नेट पळतं. हॉटस्पॉट लावला की लॅपटॉप जोडलाही जातो, पण खाली 'इंटरनेट नाही' असं लिहून येतं. आणि लॅपटॉप मिटून जेवायला गेले की परत येईपर्यंत हॉटस्पॉटच बंद झालेला असतो.

एम. जी. रोडवर एका दुकानात दाखवला. तो म्हणाला, "ताई, कंपनी हॉटस्पॉट ब्लॉक करते. पाचशे रुपयात रूट करून देतो, मग काही अडत नाही." (रूट म्हणजे फोनच्या आतल्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवणं.) डेटा राहील का, असं विचारलं तर म्हणे "बहुतेक राहतो." ते 'बहुतेक' ऐकलं आणि फोन उचलून घरी आले.

कारण या फोनमध्ये आजी आहे. म्हणजे तिचा आवाज. ती गेल्या वर्षी गेली. त्याआधीचे दोन उन्हाळे पप्पांनी तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि फोनच्या रेकॉर्डरमध्ये भरून ठेवल्या. दुसरीकडे कुठेच प्रत नाही. शिवाय बँकेचं ॲप, यूपीआय, आणि बागेच्या फवारण्यांचा सगळा हिशेब याच फोनवर. तो हिशेब व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर आहे, ज्यात पप्पा एकटेच आहेत. हसू नका.

तर रूट केल्यावर हॉटस्पॉट खरंच चालेल का? डेटा जातो की राहतो? आणि बॅकअप नेमका कशाकशाचा घ्यायचा?

सातपूरचा_नटबोल्ट

ताई, रूटचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी करून सांगा. त्याच हॉटस्पॉटला दुसरा फोन जोडून बघा. वाय-फाय सोडून यूएसबी केबलने टेदरिंग (म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देणं) करून बघा (केबल डेटावाली हवी, काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात). आणि मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएन (फोन कंपनीच्या नेटला कुठून जोडला जातो ती नोंद) कुठला निवडलाय ते लिहा.

हॉटस्पॉट आपोआप बंद होतो तो बिघाड नाही. कुणी जोडलेलं नसेल तर काही मिनिटांनी बंद होण्याची सोय असते, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच ते बटण सापडेल.

जुना_खेळाडू

टेदरिंगसाठी रूट लागतं ही समजूत फार जुनी आहे, आणि एके काळी ती खरी होती. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हा त्यात हॉटस्पॉट नव्हताच. ती सोय अँड्रॉइड २.२ मध्ये, म्हणजे २०१० साली आली. त्याआधी फोन रूट करून वेगळं ॲप टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यानंतरही अमेरिकेतल्या कंपन्या टेदरिंगचे वेगळे पैसे घ्यायच्या आणि तशी ॲप्स गुगलच्या ॲप स्टोअरमध्ये दिसू नयेत म्हणून गुगलच्या मागे लागायच्या. व्हेरायझनने तर त्याबद्दलची सरकारी चौकशी मिटवायला २०१२ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरले. नेटवर 'रूट करून टेदरिंग' असं शोधलं की त्या काळातले आणि त्या देशातले लेख वर येतात. आपले लोक तेच वाचून दुकान चालवतात.

आता कंपनीला हॉटस्पॉट ओळखायचाच असेल तर कसा ओळखते, तेही सांगतो. डेटाच्या प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा आकडा असतो, आणि वाटेतलं प्रत्येक यंत्र तो एकाने कमी करतं. फोनमधून निघालेलं पाकीट ६४ घेऊन निघतं. लॅपटॉपमधून निघालेलं विंडोजचं १२८ घेऊन निघतं आणि फोन ओलांडताना १२७ होतं. आकडा वेगळा दिसला की मागे दुसरं यंत्र आहे हे कळतं. पण तुमचं प्रकरण हे वाटत नाही. आपल्याकडच्या साध्या पॅकात हॉटस्पॉटला सहसा मनाई नसते. पॅकच्या अटी एकदा वाचा म्हणजे शंका नको.

विटेचा_मालक

नाव बघून कळलंच असेल. माझा फोन रूट करताना मी त्याची वीट केली, म्हणजे तो चालूच होईना. वर विठोबा उभा राहायचा तेवढा बाकी होता.

चूक साधी होती. बूट फाईल (फोन सुरू करणारी फाईल) माझ्याच मॉडेलची, पण एका अपडेटने जुनी. टाकली आणि फोन कंपनीच्या लोगोवर अडकला. मूळ बूट फाईल हाताशी असती तर पाच मिनिटांत परत उठला असता. ती नव्हती. घाबरून आणखी दोन-तीन फायली टाकल्या, त्यात तो पूर्ण गेला.

दुरुस्तीवाल्याला म्हटलं, चिप काढून फोटो तरी दे. तो म्हणाला, आत सगळं कुलपात आहे आणि किल्लीही त्याच बोर्डावर. अलीकडच्या फोनमध्ये साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असते, मेमरी कार्डासारखं काढून दुसरीकडे लावता येत नाही. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो गेले. तुमच्या आजींच्या ओव्या वाचल्या म्हणून हे लिहायला बसलो.

फाईलवाली

ताई, रूट करा नाहीतर नका करू, बॅकअप आज घ्या. उद्या फोन विहिरीत पडला तरी हाच प्रश्न येणार आहे.

डेटा राहतो की जातो याला 'बहुतेक' असं उत्तरच नाही. रूट करायला आधी बूटलोडरचं (फोन चालू होताना सगळ्यात आधी धावणाऱ्या प्रोग्रामचं) कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडताना फोन स्वतःच सगळं पुसतो. चोराने कुलूप फोडून आतलं वाचू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली व्यवस्था आहे. दुकानदाराला हे माहीत नसेल तर त्याच्या हातात फोन देऊ नये, आणि माहीत असून तो 'बहुतेक' म्हणाला असेल तर मुळीच देऊ नये.

आधी ओव्या. तुमच्या फोनमध्ये 'एमआययूआय' नावाचा फोल्डर असेल, त्यात 'साऊंड रेकॉर्डर'. तो आख्खा लॅपटॉपवर घ्या आणि तिथून एका पेन ड्राइव्हवर. कॉपी झाली म्हणजे झालं असं समजू नका. फोनमध्ये किती फायली आणि लॅपटॉपवर किती, दोन्हीकडचे आकडे जुळवा, आणि चार-पाच फायली शेवटपर्यंत वाजवून बघा. फायलींना नावंही आत्ताच द्या. तारखेच्या नावाच्या फायलीत कुठली ओवी आहे ते दहा वर्षांनी कुणालाच कळणार नाही.

फोटोंचे फोल्डर तसेच उचलायचे. संपर्क व्हीसीएफ फाईल (सगळे नंबर एकत्र असलेली फाईल) करून. मेसेज हवे असतील तर त्यासाठी वेगळं ॲप लागतं.

व्हॉट्सॲपची भानगड जरा वेगळी. गुगल ड्राइव्हवर बॅकअप होतो, पण तो तुमच्या १५ जीबीच्या फुकट जागेतच मोजला जातो. ती भरली असेल तर बॅकअप कित्येक महिने अडकलेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. शेवटची तारीख बघा. बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल तर ती कागदावर लिहून कपाटात ठेवा, ती हरवली तर व्हॉट्सॲपवालेही उघडून देऊ शकत नाहीत. फवारणीचा तो एकट्याचा ग्रुप मात्र 'एक्सपोर्ट चॅट' करून साध्या मजकुराच्या फायलीत काढा. ती कुठल्याही फोनवर, कधीही उघडते. (आमच्या यांचाही तसाच ग्रुप आहे. त्यात दुधाचा हिशेब असतो.)

बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपचा बॅकअप होत नाही, होऊही नये. नव्याने नोंदणी करायची, सिम त्याच फोनमध्ये हवं. आणि पप्पांच्या गुगल खात्याचा पासवर्ड आत्ता टाकून बघा. फोन पुसला गेल्यावर तोच मागतो, आणि निम्म्या घरांमध्ये तो भाच्याने ठेवलेला असतो.

संगणकावरून एका कमांडमध्ये सगळं उचलायची एडीबी (संगणकावरून फोनला हुकूम द्यायचं साधन) बॅकअपची जुनी युक्ती कुणी सुचवली तर तिच्या भरवशावर राहू नका. ती कधीच सगळी ॲप्स उचलत नव्हती, आणि अँड्रॉइड १२ पासून तर जवळपास मोडीत निघाली. एडीबीनेच साध्या फायली ओढून घेणं मात्र उत्तम चालतं.

मळ्यातली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आधी ओव्याच घेतल्या.

फोनमध्ये १४६ दिसत होत्या, लॅपटॉपवर १३९. पोटात गोळा आला. दोनदा परत कॉपी केलं तरी १३९च. पुन्हा बघितलं तर नेमक्या शेवटच्या सात नाहीत, म्हणजे आजी आजारी असतानाच्या. असं का होतं?

फाईलवाली

घाबरू नका. केबलने जोडल्यावर लॅपटॉपला फोन आपल्या यादीतल्या फायली दाखवतो, आणि ती यादी कधीकधी जुनी असते. केबल काढा, फोन बंद करून चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग जोडा.

मळ्यातली

१४६. सातही वाजवून बघितल्या. पप्पा शेजारी येऊन बसले होते, त्यामुळे मग सगळ्याच ऐकल्या. झोपायला दोन वाजले.

आता नटबोल्ट दादांच्या प्रश्नांची उत्तरं. दुसरा फोन जोडला तरी 'इंटरनेट नाही'. यूएसबीने केलं तरी तेच. एपीएनच्या जागी मात्र कंपनीचं नाव नाही, तिथे 'सुपर फास्ट' असं काहीतरी लिहिलंय! भाच्याला विचारलं. त्याने व्हिडिओ बघून स्पीड वाढवायला ते टाकलं होतं म्हणे, मे महिन्यात सुट्टीला आला तेव्हा.

सातपूरचा_नटबोल्ट

सापडला बघा कंपनीचा ब्लॉक!

त्या एपीएनमध्ये प्रकार म्हणून एक रकाना असतो. त्यात टेदरिंगसाठी 'डीयूएन' असा एक शब्द चालतो. काही जोडण्यांमध्ये फोनचं नेट एका दाराने जातं आणि हॉटस्पॉटचं दुसऱ्या. व्हिडिओवाल्याने दुसरं दार भलतीकडे उघडून ठेवलं असेल, किंवा प्रोटोकॉलच्या रकान्यात फक्त आयपीव्ही ४ (नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत) ठेवलं असेल. कुठलं ते शोधत बसू नका. एपीएनच्या पानावरच्या मेनूत 'डीफॉल्टवर रीसेट' करा आणि फोन एकदा बंद-चालू करा. एपीएनने स्पीड वाढत नसतो हे भाच्याला माझ्याकडून सांगा.

मळ्यातली

चाललं!! लॅपटॉप, दुसरा फोन, दोन्हीकडे. हा प्रतिसाद त्याच हॉटस्पॉटवरून लिहितेय. आपोआप बंद होण्याचं बटणही सापडलं, ते बंद केलं.

त्र्यंबक_रोडवरून

धागा जरा पळवतो, माफ करा. माझ्याकडेही रेडमीच आहे, पण जुना, काच फुटलेला, आत काहीच नाही. मला शिकायला म्हणून रूट करायचंच आहे, आणि फोनवरचं व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे गुप्तपणे नेणारी सोय) हॉटस्पॉटवाल्यांनाही मिळावं असं वाटतं. ते रूटशिवाय होत नाही ना?

जुना_खेळाडू

बरोबर, अँड्रॉइड स्वतःचं व्हीपीएन हॉटस्पॉटला जोडलेल्यांना देत नाही. त्यासाठी रूट हे खरं कारण आहे. आणि रिकामा फोन हीच शिकायची योग्य जागा.

डेव्हलपर पर्यायांमध्ये जाऊन शाओमीचं (रेडमी बनवणाऱ्या कंपनीचं) खातं फोनशी जोडा. त्या वेळी सिम आत हवं आणि मोबाईल डेटा चालू हवा. मग कंपनी वाट बघायला लावते, बऱ्याच फोनना १६८ तास, म्हणजे सात दिवस. मधेच खातं परत परत जोडत बसू नका. त्यानंतर विंडोजवर त्यांचंच अनलॉकचं साधन चालवायचं, तिथे फोन पुसला जातो.

मग खरी काळजीची जागा. 'फोनबद्दल' या पानावर जो आवृत्ती क्रमांक आहे, अगदी त्याच क्रमांकाचा फास्टबूट रॉम (संगणकावरून फोनमध्ये टाकायची कंपनीची मूळ प्रणाली) उतरवा आणि त्यातली बूट फाईल वेगळी काढा. तिची एक प्रत न बदलता बाजूला ठेवा. विटेचे मालक जिथे अडकले ती हीच जागा. दुसरी प्रत मॅजिस्क या रूट करायच्या ॲपने बदलून घ्या आणि फास्टबूटने टाका. मॅजिस्क फक्त त्याच्या गिटहबवरच्या मूळ पानावरून घ्यायचं. एका टिचकीत रूट करून देणाऱ्या ॲपच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. फोन लोगोवर अडकला तर मूळ बूट फाईल परत टाका, बाकी कशाला हात लावू नका.

रूट झाल्या झाल्या पहिलं काम म्हणजे मॉडेम आणि पर्सिस्टच्या विभागांची (नेटवर्कची आणि त्याच फोनपुरती माहिती ठेवणाऱ्या भागांची) प्रत काढून संगणकावर ठेवणं. त्यांना धक्का लागला तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) जातो आणि फोन नेटवर्कच पकडत नाही. आणि बदललेली बूट फाईल आत असताना बूटलोडरचं कुलूप परत लावू नका, कधीच. तशी वीट उठवणं फार अवघड.

त्या फोनवर बँकेची ॲप्स चालतील ही आशा सोडा. फोनशी छेडछाड झालीय का ते बरीचशी गुगलच्या तपासणीला विचारतात आणि उघडतच नाहीत.

विटेचा_मालक

जुने खेळाडू, हे तीन वर्षांपूर्वी कुठे होतात?

मळ्यातली

पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, दुकानदाराला पाचशे द्यायचे होते ना, त्याचे पेन ड्राइव्ह आण, एक आत्याकडे ठेवू आणि एक कपाटात.

एक शेवटचा प्रश्न. दिवसभर फोन चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालवला तर बॅटरी फुगते का? आत्ताच हाताला बराच गरम लागतोय.

सातपूरचा_नटबोल्ट

फुगू शकते. सतत शंभर टक्के भरलेली आणि वरून गरम, हे बॅटरीला सोसत नाही. कव्हर काढा, माडीवरच्या पत्र्याखाली ठेवू नका, खिडकीत सावलीत ठेवा. ऐंशीच्या आसपास पिन काढा, तीसला परत लावा. आणि लॅपटॉपवर त्या वाय-फायला 'मीटर्ड' (म्हणजे डेटा मोजका) अशी खूण करा, नाहीतर विंडोज अपडेट दिवसाचा सगळा डेटा सकाळीच खाऊन टाकेल.