क्युसेकचा आकडा आणि लाल पट्टी

पुराच्या बातम्यांवर काहीजण म्हणतात, 'चॅनेलवाले घाबरवतात म्हणून तरी लोक जनावरं वेळेत हलवतात'. हे म्हणणं मला पटत नाही. आमचं गाव कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी. मध्ये एका पावसाळ्यात कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले आणि टीव्हीवर लाल पट्टी फिरली, सीमाभागाला महापुराचा धोका! मागं चित्रं २०१९च्या महापुराची. काकूनं रात्री अकराला पावसात चार म्हशी ट्रॉलीत चढवल्या, त्यातली गाभण म्हैस फळीवरनं घसरून पडली. सकाळी बघतोय तर नदी आपली पात्रातच.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. साधारण ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी वाहिलं तर एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, होतं. म्हणजे २१०० दिवसभर चालले तरी पाव टीएमसीही भरत नाही, आणि कोयना धरण आहे १०५ टीएमसीचं. हे त्या पट्टीत कधी येत नाही. आमच्याकडं बघायचे आकडे वेगळेच: कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरनं किती येतंय आणि दूधगंगा नदी किती चढलीय, कारण दोन्ही पाणी कल्लोळ गावाजवळ एकत्र येतं. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली जाणं तर नेहमीचंच, पण तीही यांची 'ब्रेकिंग'.

२०१९ला खरंच पाणी चढायला लागलं तेव्हा आमचे आप्पा खाटेवरनं हलेनात. 'टीव्हीवाले रोजच बुडवतात की आपल्याला,' म्हणाले. शेवटी त्यांना बोटीतनं काढावं लागलं.