औषध लावून 12 दिवस झाले, तरी पिसवा परत

मळ्यातलं_घर, पलूस
जुनं कौलारू घर, खाली शहाबादी फरशी. कुत्रा 14 किलोचा, मांजर साडेतीन किलोची. दोघं सोप्यात पोत्यावर झोपतात. कुत्र्याला मानेवर फिप्रोनिलचे थेंब टाकून 12 दिवस झाले. आता शेपटीच्या मुळाशी पुन्हा पिसवा दिसतात, माणसांच्या घोट्यालाही चावतात. मांजरीला काही लावलेलं नाही. औषध बनावट असेल का? गोठ्यातलं गोचिडांचं औषध पाण्यात कालवून दोघांना लावलं तर चालेल का?

खिलारप्रेमी
मांजरीला ते अजिबात लावू नका, दादा. गोठ्यातल्या औषधात बहुतेक वेळा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं आणि मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. नुसतं कुत्र्याला लावलं आणि मांजर त्याच्या ओल्या अंगाला चिकटून झोपली तरी धोका तोच. चुकून लागलंच तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ_पशुवैद्यक
औषध बनावट असेलच असं नाही. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्याचा जेमतेम 5 टक्के भाग. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या सोप्यात आहेत. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते. ती केसांना चिकटत नाहीत, घरंगळून पोत्यात आणि फरशीच्या सांध्यांत पडतात. अळी उजेड टाळते, सांध्यात खोल जाते आणि पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त, खाऊन वाढते. पुढे ती चिकट कोष विणते. त्याला धूळ-माती चिकटते आणि आत कुठलाही फवारा पोचत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास यांची चाहूल लागली की पिसू बाहेर पडते. श्रावणातल्या दमट हवेत हे चक्र 3-4 आठवड्यांत पुरं होतं. कोष मात्र महिनोन्महिने दम धरतो.

तुम्हाला दिसतायत त्या बहुधा कोषातून नव्याने आलेल्या. फिप्रोनिलला मारायला 24 ते 48 तास लागतात. शिवाय मांजर मोकळी राहिली, तिच्यावर अंडी पडतच राहिली. कुत्र्याला 10-20 किलोचं पाकीट, 1.34 मिली, मांजराचं वेगळं, 0.5 मिली. केस फाकून थेट कातडीवर टाका. आधी आणि नंतर 48 तास अंघोळ नको. दर महिन्याला, किमान तीन महिने, दोघांना एकाच दिवशी.

पोतं जाळून टाका, धुवत बसू नका. गोधड्या 60 अंशांच्या पाण्यात धुवा. सांधे सळईने उकरून व्हॅक्यूमने ओढा. ती सोय नसेल तर कुंच्याने काढून केर साबणाच्या पाण्यात बुडवा, मग पांढऱ्या सिमेंटने सांधे भरा. हे शेवटचं काम सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं, आणि तेच लोक टाळतात. फवारा घ्यायचाच तर पायरीप्रॉक्सिफेन असलेला घ्या, त्याने अंडी-अळ्या पुढे वाढत नाहीत. फरशी पूर्ण वाळेपर्यंत जनावरं बाहेर.

मिरज_मांजरवाले
उपाय लागू पडतोय का ते मोजा. रात्री सोप्यात परातीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, वर वीतभर उंचीवर तापणारा पिवळा बल्ब. एलईडी नको, ऊब लागते. सकाळी बुडालेल्या पिसवा मोजा. आकडा आठवड्यागणिक उतरायला हवा. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस कडं उठलं तर ती पिसवांची विष्ठा, नाहीतर साधी माती.

मळ्यातलं_घर, पलूस
मांजरीची तीन आठवड्यांची पिल्लंही आहेत. त्यांना?

कृष्णाकाठ_पशुवैद्यक
हे आधी सांगायला हवं होतं. आठ आठवड्यांच्या आत फिप्रोनिल नको, पावडर नको, कापूर-तेलं तर नकोतच. उवांच्या फणीने रोज दोनदा विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा. पिल्लांचं अंथरूण रोज बदला. आई पाजते आहे, म्हणून तिला काय लावायचं ते डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. पिल्लांच्या हिरड्या रोज बघा. गुलाबीच्या पांढरट झाल्या तर पिसवांनी रक्त ओढलंय. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.