डनिचचं चर्च समुद्राने गिळलं की गावानेच सोडलं?

आडवाटेचा
‘समुद्राने गिळलेलं शहर’ म्हणून इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावरच्या डनिचचे व्हिडिओ फिरताहेत. वादळी रात्री पाण्याखालून घंटा ऐकू येतात म्हणे! शेवटचं मध्ययुगीन चर्च ऑल सेंट्स, त्याच्या मनोऱ्याचा उरलासुरला भाग १९१९ साली कड्यावरून खाली गेला, इथवर ठीक. पण खापर समुद्रावर फोडणं मला पटत नाही. तिथली उपासना १७५० च्या दशकातच बंद झाली होती आणि कडा चर्चला भिडला १९०४ च्या सुमारास. मधली दीडशे वर्षं इमारत कोरड्या जमिनीवर पडून होती. छप्पर गेलं, भिंती उघड्या पडल्या. समुद्राने नेलं ते मढं.

आणि गरीब गावाला चर्चचा खर्च झेपला नाही म्हणाल, तर हेच ओसाड खेडं १८३२ पर्यंत लंडनच्या संसदेत दोन खासदार पाठवत होतं. ज्यांच्या मुठीत त्या जागा होत्या, त्यांना चर्चचं छप्पर जड झालं?

खाडीकर
साफ असहमत. गाव ओसाड का पडलं, ते आधी बघा की. १०८६ च्या राजाच्या पाहणीत डनिचमध्ये तीन चर्च आहेत आणि देणं म्हणून ६८,००० हेरिंग मासे लिहिलेत. एवढं भरभराटीचं बंदर. त्याच नोंदीत आधीची निम्मी शेतजमीन समुद्राने नेल्याचंही आहे. मग १२८६-८७ ची वादळं, १३२८ चं वादळ. गोट्या-वाळूचा दांडा सरकून बंदराचं तोंड बुजलं, नदीने उत्तरेला नवं तोंड फोडलं आणि धंदा शेजारच्या वॉल्बर्सविक-साउथवोल्ड या गावांकडे गेला. मग शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या भांडणं आणि कोर्टकचेऱ्या.
बंदर गेल्यावर व्यापारी कशाला थांबेल? तो गेला की चर्चला दान कोण देणार? समुद्राने आधी पोट मारलं, भिंती नंतर पाडल्या.

आडवाटेचा
बंदराचं मान्य. पण ते चौदाव्या शतकातलं. त्यानंतरही चारशे वर्षं ऑल सेंट्स चालू होतंच ना? शेवटी सोडलं तेव्हा खर्चाचा हिशेब माणसांनीच केला.

पानवाली
दोघंही इमारतीवरच बोलताय. उपासना बंद झाल्यावरही त्या आवारात दफनं चालूच होती. गावाने छप्पर सोडलं, जागा नाही सोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कड्याच्या मातीतून हाडं बाहेर डोकावत असायची, खाली वाळूत पडायची. ज्यांचे आजे-पणजे तिथे पुरले होते त्यांना ‘तुम्हीच सोडलंत’ म्हणणार का?

सूक्ष्मदर्शी
माझा वेगळाच आक्षेप. गेलं ते गेलं. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड सीअर यांच्या गटाने सोनार (ध्वनिलहरींनी तळ पाहणारं यंत्र) लावून पाण्याखाली चर्च शोधली. कशाला? गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात धड दिसत नाही. हाती काय लागलं, तर दगडांचे ढीग. त्या पैशात उभी असलेली चार जुनी चर्च दुरुस्त झाली असती.

खाडीकर
@सूक्ष्मदर्शी, दिसत नाही म्हणूनच तर ध्वनीचा कॅमेरा नेला! राल्फ एगसने १५८७ साली काढलेला डनिचचा नकाशा आहे. तो आजच्या समुद्रतळावर बसवून पाहिला, तर सेंट पीटर्स आणि ऑल सेंट्सचे अवशेष जागच्या जागी सापडले. म्हणजे जुना नकाशा भरवशाचा ठरला आणि किनारा कुठल्या काळात किती मागे सरकला, हेही कळलं. तिथून थोडं दक्षिणेला साइजवेलचा अणुऊर्जा प्रकल्प आहे. त्या किनाऱ्याचा इतिहास माहीत असणं ही चैन आहे का?

सूक्ष्मदर्शी
अणुप्रकल्पासाठी किनारा अभ्यासा ना, कोण नको म्हणतंय? त्याला चर्चचं नाव दिलं की बातमी होते, एवढंच.

पानवाली
होऊ दे की बातमी. नाहीतर त्या चर्चचं राहिलंय काय? पडण्याआधी भिंतीचा एकच दगडी टेकू वाचवला, तो किनाऱ्यापासून आत असलेल्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात उभा केलाय. एकटाच, कुठल्याही भिंतीला न टेकता. मला तरी तो नको होता. जागेवरून उचलला की तो नुसता दगड.

आडवाटेचा
उलट मला तेवढंच काम शहाणपणाचं वाटतं. कडा वाळूचा. तो बांधून काढला असता, तरी कड्यावरून झिजून येणाऱ्या त्या मातीवर जगणारे आसपासचे किनारे उपाशी पडले असते आणि दुसऱ्याच कुणाचं घर गेलं असतं.

खाडीकर
चला, म्हणजे आता समुद्राला अडवणं शक्य नव्हतं हे तुम्हीच म्हणताय. मग गावाने नेमकं काय करायला हवं होतं, तेवढं सांगा.

आडवाटेचा
१७५० मध्ये छपराची डागडुजी. बाकी समुद्राचं समुद्राने बघितलं असतं.