झिरो बिअरचं बिल (सोसायटी ग्रुप, कोल्हापूर)

पाटील काका (ए-१०२): नमस्कार मंडळी. ३१ तारखेच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाचा अंदाजखर्च खजिनदारांनी टाकलाय. मटण, भाकरी, मंडप, खुर्च्या, सगळं मान्य. पण शेवटून तिसऱ्या ओळीत 'झिरो बिअर, ४८ कॅन, ४,५६० रुपये' हे काय आहे? ९५ रुपयांना एक कॅन! दारू नाही, नशा नाही, मग पैसे कशाचे? आणि तेही वर्गणीतून?

मोहिते (सेक्रेटरी): काका, मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय. गणपतीनंतरच्या जेवणाला जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून खरी बिअर बंद केली आणि हे ठेवलं.

पाटील काका: कुठल्या मीटिंगमध्ये? त्या मीटिंगला कोरम नव्हता.

चौगुले अण्णा (सी-१०१): कोरम नव्हता तर पार्किंगच्या पट्ट्यांचा ठरावपण त्याच मीटिंगचा. तोही रद्द धरायचा का?

मोहिते (सेक्रेटरी): अण्णा, पार्किंगचं नंतर बोलू 🙏

अभि जाधव (सी-४०३): काका, ४८ कॅन म्हणजे माणशी एकपण येत नाही. आमच्या विंगला आधी द्या, मग भांडा 😀

पाटील काका: विषय चेष्टेचा नाही. दुकानात साडेसहाशे मिलीची बाटली १९० ला मिळते, त्यात खरी बिअर असते. हे ३३० मिलीचं डबडं ९५ ला. हिशोब करा. १०० मिलीला बाटली २९ रुपये आणि झिरोपण २९ रुपये. ज्यातली मुख्य वस्तूच काढून घेतली ती त्याच भावाने का घ्यायची? ज्याला प्यायचंय त्याने स्वतःचे पैसे द्यावेत, वर्गणीतून नको.

देसाई दादा (सी-२०१): काका, तुम्ही बाटलीची कॅनशी तुलना करताय, तिथंच घोळ होतोय. साडेसहाशेची काचेची बाटली भंगारवाल्याकडून परत कंपनीत जाते, धुऊन पुन्हा भरली जाते. कॅन एकदा उघडला की संपला, ॲल्युमिनियमचा खर्च दर वेळी नव्याने. खऱ्या बिअरचासुद्धा कॅन घ्या आणि १०० मिलीला काढा, बाटलीपेक्षा महागच पडेल. तुलना करायची तर कॅनशी कॅन. दुसरं, खऱ्या बिअरच्या गाड्याच्या गाड्या जातात. झिरोची दुकानात एक ओळ लागते, तीही मोठ्या जनरल स्टोअरला. खप कमी, म्हणून वाहतूक आणि दुकानदाराचं मार्जिन दोन्ही नगाला जास्त बसतं.

शिंदे वहिनी (बी-३०१): पैशाचं राहू दे बाजूला. माझा प्रश्न वेगळा आहे. आठवी-नववीची पोरं त्याच गच्चीवर असणार. 'त्यात काय नसतं' म्हणून ती पण घेणार. नाव बिअर, डबा तसाच, फेस तसाच. उद्या खऱ्याला हात लावताना काय वाटणार त्यांना?

अभि जाधव: वहिनी, पोरांना दूध कट्ट्यावर न्या. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण. जगात भारी.

शिंदे वहिनी: अभि, मी गंभीरपणे विचारतेय.

कुलकर्णी सर (बी-१०४): वहिनींचा मुद्दा बरोबर आहे, त्याकडे येतो. आधी पाटील काकांना उत्तर. 'मुख्य वस्तू काढून घेतली' हेच तर खर्चाचं काम आहे. चांगल्या झिरोमध्ये आधी पूर्ण बिअर तयार होते. बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट, टाकीतले दिवस, सगळा खर्च खऱ्या बिअरइतकाच. त्यानंतर अल्कोहोल काढतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण तेवढी तापवली तर बिअर शिजते आणि चव मरते. म्हणून टाकीतला हवेचा दाब कमी करून ४० ते ५० अंशांतच ते उडवतात. दुसरी पद्धत पडद्याची, आपल्या घरच्या आरओसारखी: दाबाने पाणी आणि अल्कोहोल पडद्यापलीकडे जातं, रंग-चव अलीकडे राहते, मग नवीन पाणी घालून माप पुरं करतात. दोन्हींना यंत्रसामग्री वेगळी आणि वीजही जास्त.

पाटील काका: म्हणजे आधी घालायचं, मग काढायचं, आणि दोन्हीचे पैसे आपण द्यायचे. वर्गणीतून नको.

कुलकर्णी सर: स्वस्त पद्धतही आहे. किण्वन (आंबणं) सुरू झालं की लगेच थंड करून थांबवायचं, किंवा माल्टोज (माल्टमधली साखर) न खाणारं यीस्ट वापरायचं. अल्कोहोल बनतच नाही फारसं. पण मग न खाल्लेली साखर तशीच राहते, चव गोडसर आणि वास उकडलेल्या धान्याचा. पुष्कळ लोक झिरो पिऊन 'कच्च्या पिठाचा वास येतो' म्हणतात, तो हाच. उलट अल्कोहोल उडवून केलेल्या बिअरमध्ये तो वास नसतो, पण अल्कोहोलबरोबर फळासारखा, केळ्यासारखा हलका सुगंधही उडून जातो, म्हणून ती पातळ आणि कोरडी लागते. चांगल्या कंपन्या हा सुगंध वेगळा धरून परत घालतात.

आणखी एक. अल्कोहोल बिअरला टिकवतं. ते नसलं आणि थोडी साखर उरली की जंतूंना मोकळं रान. म्हणून झिरो नीट पाश्चराइझ करावीच लागते. आणि उघडलेला कॅन अर्धा ठेवून दुसऱ्या दिवशी प्यायचा नाही.

निकम ताई (ए-४०१): कराचं मी सांगते, कारण 'दारू नाही म्हणजे कर नाही' असं बऱ्याच जणांना वाटतं. खरी बिअर जीएसटीत येतच नाही. तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट. झिरो जीएसटीत येते. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ती 'इतर नॉन-अल्कोहोलिक पेयां'त १८ टक्क्यांत होती. त्या दिवसापासून ४० टक्के. कोला, सोडायुक्त पेयंही ४० टक्क्यांतच, म्हणजे कुठल्याही खणात टाका, सुटका नाही.

९५ च्या कॅनमध्ये २७ रुपये १४ पैसे जीएसटी आहे. मूळ किंमत ६७.८६. तोच कॅन १८ टक्क्यांत ८० रुपयांना पडला असता. काकांच्या ४,५६० मधले १,३०३ रुपये थेट सरकारजमा.

पाटील काका: हे मात्र माहीत नव्हतं. म्हणजे नशा नसलेल्या वस्तूवर ४० टक्के आणि बिअरवर?

निकम ताई: बिअरवरही कर भरपूर आहे काका, फक्त रचना वेगळी. पण जून २०२५ मध्ये राज्याने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याचं (व्हिस्की, रम वगैरे) शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं तेव्हा बिअर आणि वाइन त्यातून वगळली होती. म्हणजे त्या वर्षी बिअरला हात लागला नाही आणि झिरोला लागला. दोघींच्या किमती जवळ आल्या त्याचं हे मोठं कारण.

चौगुले अण्णा: ताई, तुम्हाला एवढं येतंय तर मेंटेनन्सवरच्या जीएसटीचं पत्र कोण देणार? तीन वेळा विचारलं.

निकम ताई: अण्णा, ते खजिनदारांकडे दिलंय. त्यांना विचारा.

चौगुले अण्णा: खजिनदार निळी टिक करून गप्प बसतात.

मोहिते: अण्णा, विनंती आहे. आधी हा विषय पुरा होऊ दे.

अभि जाधव: मग सरळ खरीच आणूया की. भाव तोच आहे तर.

निकम ताई: अभि, गच्चीवर सोसायटीतर्फे बिअर द्यायची तर उत्पादन शुल्क खात्याकडून एक दिवसाचा पार्टी परवाना काढावा लागतो, पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, आणि वय २१ च्या वर. झिरोला यातलं काही नाही. हाही भावाचाच भाग समजा.

माने मॅडम (बी-२०२): आहाराच्या बाजूने. लोक झिरो का घेतात ते बघितलं तर किंमत एवढी खटकणार नाही. गाडी चालवून जायचंय, सकाळी ड्यूटी आहे, गोळ्या चालू आहेत, किंवा फक्त हातात ग्लास हवा आणि 'तू का घेत नाहीस' हा प्रश्न नको. हे लोक नशा विकत घेत नाहीत. त्यांची तुलना बिअरशी करू नका, कोल्ड्रिंकशी करा. ३३० मिली कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर. साध्या, फ्लेवर नसलेल्या ०.० (अल्कोहोल जवळपास शून्य) झिरोमध्ये तेवढ्याच मापाला एकूण कार्बोहायड्रेट १५-१६ ग्रॅम, त्यातली साखर आणखी कमी. उष्मांक ७० च्या आसपास, ५ टक्क्यांच्या बिअरच्या निम्मे.

पण सावध राहा: पीच, पुदिना, स्ट्रॉबेरी असले फ्लेवरवाले 'माल्ट' डबे सरबताकडे झुकतात. साखर त्यांच्या मागच्या तक्त्यात बघूनच घ्या. आणि ज्यांचं यूरिक ॲसिड वाढलेलं आहे त्यांनी 'झिरो आहे' म्हणून चार-चार घेऊ नयेत. अल्कोहोल जातं, पण माल्ट-यीस्टमधलं प्युरीन (ज्याचं शरीरात यूरिक ॲसिड होतं) बरंचसं राहतं.

पाटील काका: यूरिक ॲसिडचं माझ्याकडे बघून लिहिलंय का?

माने मॅडम: नाही हो काका, सगळ्यांसाठीच 🙏

शिंदे वहिनी: ०.० आणि ०.५ हा काय फरक? दुकानात दोन्ही दिसतात.

कुलकर्णी सर: आपल्याकडे अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरतात. त्याच्या आतलं नॉन-अल्कोहोलिक. ०.५ वाल्या ३३० मिलीत जास्तीत जास्त १.६५ मिली अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगच्या साडेसहाशेच्या बाटलीत ५२ मिली. म्हणजे एका बाटलीइतकं व्हायला ३२ कॅन लागतील, तोवर पोट फुटेल. पण गरोदर बायकांनी ०.० च घ्यावी. दारू सोडवायच्या गोळ्या (डायसल्फिरम) चालू असणाऱ्यांनी ०.५ ला अजिबात हात लावू नये. आणि ज्यांनी दारू सोडली आहे त्यांना कुठलीच झिरो आग्रहाने देऊ नका. वास आणि चव जुनीच असते, मन तिकडं ओढतं.

गाडीवाल्यांसाठी: पोलिसांची मर्यादा रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. एका ०.५ च्या कॅनने तिथं कोणी पोचत नाही. मात्र ०.५ चा घोट घेतल्याबरोबर नळीत फुंकलं तर तोंडातला अंश यंत्र पकडू शकतं. चूळ भरून १५ मिनिटं थांबायचं.

पाटील काका: माहिती उत्तम. मुद्दा तोच. ज्याला प्यायचंय त्याने स्वतःचे पैसे द्यावेत, वर्गणीतून नको.

अभि जाधव: काका, हे कॉपी-पेस्ट करून ठेवलंय वाटतं 😀

पाटील काका: आठ वर्षं चेअरमन होतो मी. तेव्हा असली बिलं निघत नव्हती.

चौगुले अण्णा: तेव्हा गच्चीचं वॉटरप्रूफिंगपण निघालं नव्हतं काका.

देसाई दादा: अण्णा, बास की आता. काकांचा मुद्दा घेऊ. वर्गणीतून काढून कूपन करू. ९५ चं कूपन, आधी पैसे, मगच ऑर्डर. मी एजन्सीकडून पूर्ण पेटी घेतली तर एमआरपीपेक्षा खाली मिळेल, जो फरक येईल तो कूपनवाल्यांना परत. पण सुटे, वेगवेगळ्या फ्लेवरचे मागू नका, सुट्याला सवलत नाही. आणि तारीख बघून घेतो. झिरोला खप कमी म्हणून जुना माल पडून राहतो, उन्हात राहिलेला असला की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

माने मॅडम: तांबड्या रश्श्याबरोबर ही लागते कशी, कोणी सांगेल का?

कुलकर्णी सर: गॅस तिखट वाढवतो, हॉप्सचा कडवटपणा त्यात भर घालतो. त्यामुळे कोरडी, कडू झिरो तांबड्याबरोबर झोंबते. तिथं गोडसर माल्टवालीच बरी, जिला एरवी नावं ठेवतात. पांढऱ्या रश्श्याला मात्र कडवी चालते, नारळाचा स्निग्धपणा ती कापते. एकदम गार हवी, ३-४ अंश. कोमट झाली की धान्याचा वास वर येतो.

अभि जाधव: मग बर्फात मीठ टाकून टब भरू. आईस्क्रीमच्या पॉटसारखं, दहा मिनिटांत गार.

देसाई दादा: नको रे भावा! तिथंच कॅन फुगतात. खरी बिअर अल्कोहोलमुळे उणे दोनपर्यंत तग धरते, झिरो शून्याच्या जरा खाली गेली की गोठते. मीठ-बर्फ उणे दहाच्या खाली जातो. फ्रीझरमध्येपण टाकायची नाही. टबात निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मीठ नाही, कॅन पूर्ण बुडलेले. अर्धा तास पुरतो. ग्लास तिरका धरून ओता, फेस आपोआप बसतो.

शिंदे वहिनी: पोरांचं काय ठरलं?

मोहिते: वहिनी, टब वेगळा, जिन्याच्या टोकाला. कूपन फक्त २१ वर्षांवरच्यांना. झिरोला कायद्याचं बंधन नसलं तरी आपल्या गच्चीवर हा नियम. पोरांना सोलकढी आणि मसाला दूध.

शिंदे वहिनी: मग माझी हरकत नाही. दुधाची ५ लिटरची ऑर्डर मी देते.

पाटील काका: अंदाजखर्चातून ती ओळ काढून नवीन कागद टाका. मग माझीही हरकत नाही.

मोहिते: टाकतो काका. कूपनचे पैसे २६ तारखेपर्यंत देसाई दादांकडे. फ्लॅट नंबर, किती कॅन, आणि कडवी की गोडसर, एवढंच लिहा. ०.० च मागवतोय, ०.५ नाही.

माने मॅडम: बी-२०२, २ कॅन, गोडसर.

अभि जाधव: सी-४०३, ४ कॅन, कडवी.

निकम ताई: ए-४०१, १ कॅन, कडवी. देसाई दादा, जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्या, हिशोबाला लागेल.

पाटील काका: ए-१०२, १ कॅन. गोडसर.